कॅमेऱ्याचा लॅपटॉप

मथुरेने लॅपटॉपचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले आणि नाक मुरडून तो सत्यवानाकडे सरकवला.

"ह्येचो बिजागरो ढिलो आसा."

"काकी, नवोकोरो आसा तो. तुमच्यासमोर खोक्यातसून काढलंय."

सत्यवानाचे कॉम्प्युटरचे दुकान मालवणच्या बाजारात असले, तरी माणूस मसुऱ्याचा, मथुरेच्याच वाडीतला. म्हणून तो चिडत नव्हता. पहिला लॅपटॉप तिला पोरांच्या पाटीएवढा वाटला होता. हा दुसरा. त्याने तिसरा पुढे ठेवला.

"मेल्या, काळो कित्याक? घरात पयलीच अशी वस्तू नेवची, ती काळी?"

"आगो, तेका काय वरातीत मिरवूचो आसा?" तिचा नवरा महादू वैतागला. "नातवाक बगूक मिळाला म्हंजे झाला."

बघायला मिळाले म्हणजे झाले! तिथेच तर सगळे अडत होते. त्यांचा मुलगा सिद्धेश कॅनडात. गेल्या आठवड्यात तो फोनवर किती सहज म्हणाला होता, "आई, कॅमेऱ्याचो स्वस्तातलो लॅपटॉप घेवा. आमी रोज दिसतलंव. मगे येवची घाई कित्याक?" महादूने हूं हूं केले. मथुरेला मात्र ते मुळीच रुचले नाही. येतो येतो म्हणत कितीतरी चतुर्थ्या गेल्या, नातू तिकडेच चालायला लागला. पण निदान येणार आहे, असे सांगायला तोंड होते. हे यंत्र एकदा घरात शिरले की तेही गेले. खोटे कशाला बोला, दुकानातले सगळे लॅपटॉप बिघडावेत असेच तिला वाटत होते.

सत्यवानाने चौथा काढला. पांढरा, हलका. कॅमेरा चालू केला तशी पडद्यावर मथुराच दिसली, घाबरीघुबरी.

"ह्यो सगळ्यात स्वस्त. बोलूक, फोटो बगूक बस झालो. घरात फोनाची लायन आसा मां? तिच्यारच नेट घेवा."

तिने बिजागरी हलवून पाहिली. घट्ट. अक्षरे ठळक. खुसपट काढायला जागाच नव्हती.

"वायर लांडी आसा," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. सत्यवानाने खणातून लांब वायर काढून दिली.

"बांध तर," महादू म्हणाला. आणि मग टोपी काढून तो तिथेच हात जोडून उभा राहिला. होडी असो, नांगर असो, नवी वस्तू देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, हे सत्यवानालाही ठाऊक होते. तोही टेबलामागून बाहेर आला.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी काय नवी वस्तू घेतलेली आसा, तिच्यार तुझी नजर ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघे म्हणाले.

"झील, सून, नातू, खंय आसत थंय तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सिद्धेश गेल्यापासून महादूच्या प्रत्येक गाऱ्हाण्यात यानंतरचे मागणे ठरलेले असायचे, त्यांना घरी परत आणण्याचे: तेंका घराक परत हाड. त्याला होकार द्यायला मथुरेने छातीभर श्वास घेतला.

"लायट जाव नको, लायन तुटा नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सत्यवान एकटाच म्हणाला.

मथुरेने नवऱ्याच्या कोपराला हात लावला.

"इसारलात तुमी. घराक हाड म्हणा मां."

महादूने डोळे उघडले नाहीत. जोडलेले हात तसेच होते.

"आता ह्यो घेतलंव मां," तो हळूच म्हणाला. "व्हय म्हण गो."

सत्यवान खाली बघून वायर गुंडाळू लागला. मथुरेने नवऱ्याच्या कोपरावरचा हात काढून घेतला. मग तिने हात जोडले.

"व्हय म्हाराजा."