सर्व वाद्ये सुस्थितीत

‘नियोजित क्लॅरिनेटवादकास आणण्यासाठी मंडळाने दि. १ ऑगस्ट रोजी स्वतंत्र वाहन पाठविले होते. तथापि सदर वादक आपल्या वस्तीवर आढळून आले नाहीत. त्यानंतरही ते स्वेच्छेने अनुपस्थित राहिल्यामुळे त्यांचे नाव हंगामाच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.’

औरंगाबादच्या सिंफनी मंडळाने १९७८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पहिल्या हंगामाच्या पहिल्या मैफलीचा जो अहवाल सिद्ध केला, त्यातला हा तिसरा परिच्छेद. टंकलेखन निर्दोष होते. खाली तीन सह्यांसाठी तीन रेघा आखलेल्या होत्या. दोन भरल्या होत्या, तिसरी वच्छलाबाईंची वाट पाहत होती.

वच्छलाबाईंनी तो परिच्छेद प्रथम एखाद्या शिलालेखासारखा वाचला, म्हणजे तो खोदणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवून. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव सत्तावीस जुलैला झाला आणि त्या रात्रीपासून मराठवाड्यातल्या वस्त्या पेटू लागल्या. माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडून गेली. त्या पंधरवड्यात घरी न आढळणे याला ‘स्वेच्छा’ म्हणायचे, तर पुरात वाहून गेलेल्याला पोहण्याची हौस होती असे म्हणायला हरकत नसावी. पण एवढ्यावर कुणी खोटा ठरत नाही. निर्लज्ज ठरतो इतकेच. खोटेपणा तीन पाने पुढे होता. अहवाल लिहिणाऱ्याने तो स्वतःच, मोठ्या अभिमानाने, जोडून दिला होता.

‘परिशिष्ट ब : मंडळाच्या मालकीची सर्व वाद्ये सुस्थितीत परत जमा.’ यादीत अकराव्या क्रमांकावर क्लॅरिनेट, जर्मन बनावटीचे, पेटीसह, एक नग.

मंडळाकडे क्लॅरिनेट एकच होते. वच्छलाबाई मंडळाच्या पहिल्या व्हायोलिनवादक आणि शिवाय वाद्यपाल. वाद्ये आणि स्वरलिपीची पाने त्यांच्या ताब्यात असत. घरी सरावाला न्यायचे वाद्य त्यांच्या नोंदवहीत सही केल्याखेरीज दाराबाहेर जात नसे. त्या नोंदवहीप्रमाणे एकोणतीस जुलैच्या संध्याकाळपासून ते क्लॅरिनेट श्री. कडुबा खरात यांच्याकडे होते, आणि परतीच्या रकान्यात काहीही नव्हते.

माणूस सापडला नाही. मग त्याच्या हातातले वाद्य कुठे सापडले?

कडुबा हा चिकलठाण्याच्या कारखान्यात रंगखात्यात मदतनीस. लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचा. राहायला करमाडच्या पलीकडच्या एका वाडीत. त्याच कंपनीचे कार्मिक अधिकारी नानासाहेब कंपनीच्या जर्मन भागीदारांकडे प्रशिक्षण घ्यायला दोन वर्षे जर्मनीत राहून आले ते वाद्यवृंद-संचालकाची छडी घेऊनच, आणि कंपनीच्या आश्रयाने त्यांनी छत्तीस वादकांचा वाद्यवृंद उभा केला. पोलीस बँडमधले काही, चर्चमधले काही, वच्छलाबाईंसारखे हैदराबादेत शिकून आलेले दोघे-तिघे. कडुबाला स्वरलिपी शिकवण्याचे काम वच्छलाबाईंकडे आले. आठ महिन्यांत तो वाचू लागला. पहिल्यांदा विरामाची खूण दाखवली तेव्हा तो पानाकडे बराच वेळ बघत राहिला होता.

“बाई, ह्यात थांबायचं बी लिवलेलं आसतं?”

“असतंच. मोजून थांबायचं.”

“लई भारी. आमच्या बँडात थांबलं की नवरदेवाचा मामा शिवी देतोय.”

परदेशी वाद्यवृंदात ओबो नावाचे वाद्य एक स्वर लांबवते आणि बाकी सगळे त्यावर आपापली वाद्ये जुळवतात. इथे ओबो नव्हता. म्हणून तो स्वर कडुबाने द्यायचा असे ठरले. रंगखात्यातला मदतनीस स्वर देई, आणि दोन प्राध्यापक, एक डॉक्टर व पाचोडच्या पन्नास एकरवाल्यांची लेक, म्हणजे वच्छलाबाई, त्यावर आपल्या तारा पिळत. नानासाहेब पाहुण्यांना हे कौतुकाने दाखवीत. “संगीताला जात नसते,” असे ते म्हणत. हे वाक्य बहुधा ज्यांना ती कधी आडवी आलेली नसते तेच म्हणतात. वच्छलाबाईंनीही ते दोनदा म्हटले होते. पाचोडला त्यांचा धाकटा भाऊ बन्सी ठरावाविरुद्धच्या सभा घेत फिरत होता, आणि त्याला त्यांनी एक कार्डही लिहिले नव्हते.

मैफल वीस ऑगस्टला झाली. शहर पूर्वपदावर आले आहे हे दिसणे कंपनीला आवश्यक होते. जर्मन भागीदार सप्टेंबरात येणार होते. कडुबाच्या खुर्चीवर पोलीस बँडमधला एक हवालदार बसला. त्याच्या हातातले क्लॅरिनेट मुंबईहून नवे मागवले आहे, असे नानासाहेबांनी आदल्या दिवशीच्या तालमीत सांगितले होते आणि वच्छलाबाईंनी ते मानले होते. दिवे मंद झाले. हवालदाराने स्वर दिला. वच्छलाबाईंनी डोळे मिटून त्यावर आपली तार जुळवली. स्वर स्वच्छ होता.

मैफल संपल्यावर फुंकीची वाद्ये सुटी करून आतून पुसायची, हा त्यांचा शिरस्ता. क्लॅरिनेटचा मधला सांधा त्यांनी फिरवला तो किंचित अडखळून निघाला. सांध्यावरचे बूच झिजले की बँडवाले त्या जागी मेण लावलेला शिवणाचा दोरा गुंडाळतात; नवे बूच मिळायला मुंबई लागते, दोरा कुठेही मिळतो. या सांध्यावर पिवळा दोरा होता, दाट, एकेक वेढा दुसऱ्याला चिकटलेला. जूनमध्ये त्यांनीच कडुबाला यावरून झापले होते. “मंडळाचं वाद्य आहे, वरातीतलं नाही.” तो म्हणाला होता, “वरातीतलं आसतं तर नवा दोरा लावला नसता, बाई. ह्यो कोरा हाय.”

त्यांनी दोरा नाकाशी नेला. मेणाच्या वासाखाली धुराचा वास होता. लाकूड जळाल्याचा नव्हे. गवताचे छप्पर जळाल्याचा, खेड्यात वाढलेल्याला तो चुकत नाही. त्या तिथेच खुर्चीवर बसल्या. रंगमंच आवरणाऱ्यांनी त्यांच्याभोवतीच्या पस्तीस खुर्च्या उचलून नेल्या तरी त्या दोऱ्याकडेच पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फाटकापाशी त्यांनी जीपचा चालक बद्रीनाथ याला गाठले. तो टायरला हवा भरत होता, भरतच राहिला.

“पहिल्या तारखेला करमाडच्या बाजूला तू गेला होतास?”

“गाडी गेल्ती, बाई. गाडी आपल्या मनानं थोडीच जाती.”

“बरोबर कोण होतं?”

“सायेब.”

“कडुबा भेटला?”

बद्रीनाथने नळी काढली. “त्यो भावसिंगपुऱ्यात हाय. मावसभावाच्या घरी. त्यालाच इचारा. मला दोन लेकरं हायती.”

दोन दिवसांनी अहवाल सहीसाठी आला, तो पिशवीत घालूनच वच्छलाबाई भावसिंगपुऱ्यात गेल्या. कडुबा ओट्यावर बसला होता. वच्छलाबाईंना पाहून उठला, आतून पाट आणला, पदराला धूळ लागेल म्हणून पुसला. डोके भादरलेले होते; त्याचा अर्थ त्यांनी लगेच ओळखला आणि विचारण्याचे धैर्य गोळा करू लागल्या. विचारावे लागले नाही.

“दिस मावळायला आला व्हता,” तो म्हणाला. “खालची चार घरं पेटली व्हती. म्या म्हातारीला घिऊन सडकंला आलो, लक्ष्मीबाईला, माझ्या आईला. तिला चालाय येत नव्हतं. एका हातात पेटी. जीप दिसली तवा म्या हात केला. सायेबच उतरले. मला वाटलं, देवच आला.”

“मग?”

“म्हनले, पेटी दे. दिली. उघडून बघितली. समदे तुकडे हायत का बघितलं. म्या म्हनलं, सायेब, मला नगं, म्हातारीला तेवढी न्या. म्हनले, गाडी परत पाठवतो. म्या थांबलो, बाई. तुमी शिकवलं तसं, मोजून. अंधार पडला तवा पाठीवर घेतली नि निघालो. चिकलठाण्याच्या अलीकडं म्हातारी बोलायची थांबली.”

ओट्यासमोरून एक सायकल गेली. वच्छलाबाईंनी पिशवीतून अहवाल काढला आणि तिसरा परिच्छेद त्याला वाचून दाखवला, कारण लपवणे हा त्या परिच्छेदातला वाटा उचलणे झाले असते.

“खुर्ची जाऊ द्या,” कडुबा म्हणाला. “पर ‘सापडला नाय’ आसं नगा लिवू देऊ. म्या सडकंला हात करून हुभा व्हतो. एवढं एक नीट लिवा. म्हातारी बी व्हती, ते बी.”

सव्वीस तारखेला समितीची बैठक झाली. सात माणसे, चहा, बिस्किटे. नानासाहेबांनी अहवाल मंजुरीसाठी ठेवला आणि पेन वच्छलाबाईंपुढे सरकवले. त्यांनी पेन घेतले नाही. परिशिष्ट ब वाचले, नोंदवहीतली एकोणतीस जुलैची ओळ वाचली आणि क्लॅरिनेटचा सुटा सांधा पिवळ्या दोऱ्यासकट टेबलावर ठेवला.

“मुंबईहून नवं आणलं होतं, त्याची नोंद मला सापडत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हा दोरा मुंबईचा नाही.”

नानासाहेब शांत होते. रागावलेही नाहीत, व्यवस्थित माणसाला आपल्या कागदात चूक निघाली की जेवढे वाईट वाटते तेवढेच त्यांना वाटलेले दिसले.

“बाई, तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हता. सडकेवर जमाव येत होता. आणि हे अहवाल वाचतं कोण?”

“मी. वाद्यपालाचं तेच काम आहे. परत आलेल्या वाद्याची नोंद करायची, ते कुणी आणलं, कुठून, कुणाच्या हातून. रकाना रिकामा आहे. तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“गाडी परत पाठवायची होती. फाटकापाशी पोचल्यावर राहून गेलं.”

“हेही लिहीन. आधी मला एवढंच सांगा. जीपमध्ये जागा होती का?”

कुणीतरी कप खाली ठेवला. नानासाहेबांनी खिडकीबाहेर पाहिले, मग नोंदवहीकडे, आणि तालमीत चुकलेल्या वादकाला समजावताना बोलत त्याच संयमी, किंचित कंटाळलेल्या आवाजात बोलू लागले. वच्छलाबाईंनी नोंदवहीतल्या एकोणतीस जुलैच्या ओळीसमोर, परतीच्या रकान्यात, त्यांचा एकही शब्द न बदलता लिहून घेतले :

‘कडुबा सापडला होता. म्हातारीही होती. मागच्या बाकावर जागाही होती. पण मी माणसं आणायला गेलोच नव्हतो. मी क्लॅरिनेट आणायला गेलो होतो. ते आपलं होतं.’