फिनेलचा वास

"तिथूनच बोला, आत येऊ नका," शाळेच्या बाई म्हणाल्या, म्हणून ती वर्गाच्या उंबऱ्यापाशीच थांबली. इस्पितळाचे संडास धुणारीला उंबऱ्याबाहेर थांबायची सवय होती. नवल वाटलं ते व्हरांड्यातल्या बाकाचं. एकच बाक, आणि त्यावर तिची लेक मांडीवर दप्तर घेऊन बसलेली.

"ही बाहेर का, बाई?"

"वास येतो हो तिला. मुलं नाकाला रुमाल लावतात, पालक तक्रारी घेऊन येतात. मी तरी कुणाकुणाचं तोंड धरू?" बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजुतीने बोलत होत्या.

"वास कसा येईल? मी रोज हिचे कपडे फिनेलच्या पाण्यातून काढते."

वर्गात हशा पिकला. बाईंनाही हसू आवरलं नाही. मुलीने मान खाली घातली.

खरं तर आधी वास नव्हताच. आई काय काम करते ते मुलांना कळलं होतं, तेवढं चिडवायला पुरे होतं. आईने मात्र ते मनाला लावून घेतलं. तिच्या लेखी जगात स्वच्छ वास एकच, फिनेलचा. तो आला की डॉक्टरसुद्धा नाकावरचा हात काढत. तोच तिने लेकीच्या गणवेशाला दिला आणि नसलेला वास खरा करून ठेवला. बिचारीची माया अशी अंगाशी आली.

"उद्यापासून नुसता साबण," वाटेत ती म्हणाली. "मग घेतील आत."

"साबणाने काय होतंय, आई? तू काय करतेस ते त्यांना माहितीये."

"मग बाहेर बसून शीक. ऐकू तर येतं ना?"

"येतं. पण मी हात वर केला तर कुणाला दिसत नाही."

समजावून झालं, रागावून झालं, एकदा हातही उगारून झाला. पोरगी शाळेला जाईना. घरी एकटी कशी ठेवायची, म्हणून आई तिला कामावर घेऊन गेली. ती बादली भरून येईपर्यंत मुलीने व्हरांडा पुसायला घेतला होता.

मुकादम जाता जाता थबकला. हा माणूस चुकूनही कुणाला बरं म्हणत नसे.

"कोपरेसुद्धा सोडले नाहीत की," तो म्हणाला. "पोरगी हुशार आहे हो तुमची."

हाच शब्द कधीतरी शाळेतून ऐकायला मिळेल म्हणून आई जिवाचा आटापिटा करत होती. मुलीने वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. आईने बादली खाली ठेवली आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.