सागवान वाळायचं आहे

हेमराज मोहुर्ल्यांच्या घरी समुद्र आला तो रेल्वेनं. थर्माकोलच्या डब्यातून, चारी बाजूंनी चिकटपट्ट्या मारून. बल्लारपूर स्टेशनवरून घर येईपर्यंत तो डबा बायकोच्या, वच्छलाबाईच्या, मांडीवर होता आणि हेमराजभाऊ दर खड्ड्यापाशी ऑटोवाल्याला सांगत होते, "हळू चालव गा, अंदर जिवंत माल आहे." लेक पुनम झाली तेव्हा याच रस्त्यानं दवाखान्यातून घरी येताना कुणाला हळू चालव म्हणायचं या माणसाला सुचलं नव्हतं. वच्छलाबाईला ते आठवलं, आणि तिनं डबा जरा सैल धरला.

डब्यात काय होतं, तर दोन नारिंगी मासे, बोटाएवढे, आणि प्रवाळाचे चार तुकडे. घरात हे प्रवाळ वाढवायचे, चार फुटी काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्याचा समुद्र करायचा, असं हेमराजभाऊंनी ठरवलं होतं. ते कागद कारखान्यात फिटर. मोबाइलवर कुणा परदेशी माणसाची टाकी बघितली आणि डोक्यात वारं शिरलं. घरातल्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. हेमराजभाऊंनीही नाही. पण मीठ किती, लाटा किती, निळा उजेड किती, हे ते आल्यागेल्याला असं समजावून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस कोळीवाड्यातच लहानाचा मोठा झाला.

या समुद्राच्या मागच्या अंगाला, परसात, न्हाणी होती. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर टिन, आणि चौथ्या बाजूला चौकट. दरवाजा नव्हता. घर बांधलं तेव्हा चौकट बसवून घेतली, आणि ती पाहून आज ना उद्या इथं दरवाजा येईल असं कुणालाही वाटावं. आला तो पडदा. वच्छलाबाईनं जुन्या चादरी फाडून असे किती पडदे केले असतील त्याला गणती नाही. चौकटीचं माप तिच्या हातात बसलेलं होतं. आंघोळीची रीत अशी होती, की पडद्याच्या खालच्या टोकावर भरलेली बादली ठेवायची आणि पटापट अंगावर पाणी घ्यायचं. पाणी संपत येई तशी बादली हलकी होई आणि पडदा उडे. शेवटचे दोन तांबे एका हातानं पडदा धरून घ्यावे लागत. पुनम मोठी झाल्यावर तर ती आंघोळीला गेली की वच्छलाबाई बाहेर पाठ करून उभी राहायची, पोरीची वेणी घालायचा कंगवा हातात घेऊन, म्हणजे पहारा वाटू नये.

दरवाज्याचं लाकूड घरात होतं, हीच तर खरी गंमत. वनखात्याच्या डेपोच्या लिलावातून हेमराजभाऊंनी सागवान आणलं होतं, फळ्या पाडून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. दरवाजा ते स्वतःच्या हातानं करणार होते. कधी करणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे.

"सागवान आहे ते. वाळल्याशिवाय हात लावला तं दरवाजा वाकते."

सागवान वाळत राहिलं. बल्लारपूरच्या उन्हात पापड दुपारी वाळतो, मिरची दोन दिवसांत वाळते, माणूस तर चालता चालता वाळतो. हेमराजभाऊंचं लाकूड तेवढं वाळेना. एकदा शेजारच्या आशाबाईनं फायबरचे दरवाजे करणारा माणूस मापाला पाठवला, तर हेमराजभाऊंनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. "माह्या घरी प्लास्टिकचा दरवाजा? लोक तोंडात शेण घालतीन." पडद्यावरून लोक काय घालत होते, ते त्यांनी कधी विचारलं नाही. पुनमचं लग्न झालं, ती चिमूरला सासरी गेली. सागवान माळ्यावरच.

आणि मग टाकी ठरली. टाकी म्हटली की खाली तिचं वजन पेलणारं स्टँड आलं, आणि स्टँड म्हटलं की ते कपाटासारखं आलं, म्हणजे आतले पंप आणि नळ्या दिसायला नकोत. त्याच संध्याकाळी हेमराजभाऊ माळ्यावर चढले आणि फळ्या खाली आल्या.

"वाळलं का?" वच्छलाबाईनं विचारलं.

हेमराजभाऊंनी फळीवर बोटांनी टकटक केलं. "ठण्ण वाळलं. आवाज आयक."

वच्छलाबाईनं आवाज ऐकला. त्यानंतर सगळा हिवाळा तिनं फळ्या धरल्या, स्क्रू हातात दिले, टॉर्च दाखवला, भुसा झाडला. एक मात्र मान्य करायला हवं, कपाट झालं झकास. आळस हा हेमराजभाऊंच्या हातात नव्हताच, तो मनात होता, आणि तोही फक्त न्हाणीपुरता. दोन दरवाजे, रुंद, जाड, हात फिरवावा असे गुळगुळीत. बिजागऱ्या अशा मागवल्या, की दरवाजा आपोआप हळूच लागावा, आवाज होऊ नये. पंपाची झोप मोडायची नव्हती ना.

"पुनमले सातवा लागते आता," वच्छलाबाई पॉलिश घासता घासता म्हणाली. "तिले आणाचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी."

"अवं, हे झालं का न्हाणीचंच करतो."

हे झालं, आणि मग पाणी आलं, मग दगड, मग मासे. कडक उन्हाळा लागला, तसा घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे वळला. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडत होतं. आणि हेमराजभाऊ फ्रिजमधून बर्फाच्या बाटल्या काढून समुद्रात बुडवत होते. त्या बाटल्यांपायी फ्रिजमध्ये दह्याला जागा उरली नव्हती. रोज कुणी ना कुणी टाकी बघायला येई. बघून झालं की बहुतेक जण एकच प्रश्न विचारत, "हे खाता येते का जी?" आणि हेमराजभाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबत. गावाला सौंदर्याची कदर नाही, असं त्यांचं मत पडलं होतं.

अशाच एका दुपारी पुनमचा फोन आला.

"आई, मी तिकडं येत नाई. इथीच राहतो."

"काऊन वं?"

"सासूबाई म्हणते, दरवाजा नाई तिथं बाळंतिणीनं आंघोळ कशी कराची? तू तेल लावशीन, पाणी घालशीन, का पडदा धरशीन?"

विहीण, भागीरथाबाई, साखरपुड्याला एक रात्र मुक्कामाला राहिली होती. सकाळी तिची आंघोळ चालू असतानाच वारा सुटला होता. बाई तेव्हा काही बोलली नव्हती. आता बोलली, आणि खरं बोलली, हेच वच्छलाबाईला जास्त लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर चार बायका नावं ठेवतील, ते एक वेळ सोसता आलं असतं. पण नातवंडाला पायांवर आडवं घेऊन ऊन पाणी घालायचं, त्याचं नाक, डोकं चोळायचं, हे तिनं पुनमच्या लग्नापासून मनात धरलं होतं. ते आता चिमूरची विहीण करणार, आपण पाहुणी म्हणून बाळंतविडा घेऊन जाणार आणि संध्याकाळच्या बसनं परत येणार. तिचे डोळे भरून आले. मग तिला राग आला, आणि रागानं डोळे कोरडे केले.

ती तशीच हेमराजभाऊंसमोर उभी राहिली. ते थर्मामीटर बघत होते.

"पोट्टी येत नाई म्हणते. दरवाजा नाई म्हणून."

"आता? ह्या गर्मीत मी इथून हललो तं प्रवाळ पांढरे पडून मरतीन."

"दरवाजा कवा होईन ते सांगा."

हेमराजभाऊंनी बर्फाची बाटली पाण्यात सोडली आणि अगदी शांतपणे, कारखान्यात नव्या पोराला समजावतात तसं समजावलं, "लाकूड कुठी आहे आता? सारं कपाटाले लागलं. नवीन सागवान आणाले लागते. अन् मग ते वाळाले लागते."

कपाटाच्या दरवाज्यांकडे वच्छलाबाईनं एकवार नजर टाकली आणि स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी हेमराजभाऊ पहिल्या पाळीला गेले. फाटक वाजलं, तशी तिनं आशाबाईला हाक मारली आणि स्क्रू मारायची मशीन काढली. सगळा हिवाळा ती त्यांच्या हाताखाली होती. कुठला स्क्रू कुठं बसलाय ते तिला पाठ होतं. दोन्ही दरवाजे निघाले. एकाच्या डोक्यावर एक उभा ठेवून, मागून सागवानाच्याच उरलेल्या पट्ट्या मारून तिनं त्यांचा एक दरवाजा केला आणि चौकटीला टेकवून बघितला. रुंदीला बरोब्बर. उंचीला वीतभर कमी.

"वरून दिसन ना वं," आशाबाई म्हणाली.

"वरून कावळे पाहतीन," वच्छलाबाई म्हणाली. "पाहू दे."

कपाटाच्याच बिजागऱ्यांवर तो चौकटीत बसवला. कडी तिनं बाजारातली चांगली जाड आणली होती, ती आतून बसवली. पडदा काढला, धुतला, वाळवला. तो तासाभरात वाळला.

दुपारी हेमराजभाऊ आले ते एकटे नाही. कारखान्यातला विनोद टाकी बघायला सोबत होता. वर निळा उजेड पडला होता, मासे फिरत होते, प्रवाळ डुलत होते. आणि खाली, सागवानी कपाटाच्या तोंडावर, दोन खिळ्यांना सुतळी बांधून, विटक्या गुलाबांचा न्हाणीतला पडदा लटकत होता. कूलरच्या वाऱ्यानं तो उडत होता. उडू नये म्हणून खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवलेली होती.

"भाऊ, हे काय?" विनोद वाकला.

"वाकून पाहू नका जी," वच्छलाबाई आतून म्हणाली. "पंपाची आंघोळ चालू आहे."

हेमराजभाऊ सुरू झाले ते मोठ्यानं. एवढ्या मेहनतीचं काम, चारचौघांत शोभा झाली, माणसानं घरात हौस करावी की नाही, हे आता लोकांना काय दाखवायचं? वच्छलाबाईनं त्यांना पुरतं बोलू दिलं. मग पाण्याचा तांब्या विनोदच्या हातात देत म्हणाली, "नवीन सागवान आणा. वाळू द्या चांगलं. तवरक पडदा आहे."

विनोद पाणी पिताना ठसकला. रागाला आणखी सरपण मिळावं म्हणून हेमराजभाऊंनी थर्मामीटर बघितलं. पारा उतरला होता. दाराआड कोंडलेल्या पंपांची धग आता मोकळी बाहेर पडत होती. मग ते विनोदकडे वळून म्हणाले, "कसं आहे, खालून हवा खेळाले पाहिजे. मी हे कराच्याच विचारात होतो."

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिला हसू आलं, आणि या माणसाबरोबर काढलेल्या सगळ्या वर्षांची कीवही आली. पण तिला चिमूरला फोन लावायचा होता.

पुनम आठवड्यानं आली, जड पावलांनी, घामाघूम. पाणीसुद्धा न घेता परसात गेली आणि चौकटीपाशी थबकली. दरवाज्यावरून तिनं हात फिरवला, वरची फट बघून हसली आणि कपडे घेऊन आत गेली. दरवाजा हळूच, अजिबात आवाज न करता, लागला. मग आतून कडी पडली.

वच्छलाबाई सवयीनं बाहेर पाठ करून उभी होती, हातात कंगवा घेऊन.

"आई, अजून तिथीच आहे का?" पुनमनं आतून विचारलं. "जा ना तू. कडी लावली मी."

"जातो," वच्छलाबाई म्हणाली, आणि पायरीवर बसली. आत तांब्यामागून तांब्या पडत होता, सावकाश. बादली रिकामी झाली तरी पोरगी घाई करत नव्हती.