दुसरी चिठ्ठी

"डोळे मिटा सगळ्यांनी," विठ्ठल घोरपडे म्हणाला आणि त्यानं आपली रेल्वेची टोपी पाटावर उलटी ठेवली.

टोपीत दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर प्रभाकरचं नाव, दुसरीवर सुहासिनीचं. प्रभाकर एकदा नापास झाल्यामुळे दोघं भावंडं चोपन्न साली एकदमच मॅट्रिक झाली होती, आणि कॉलेजपुरती पुंजी होती एकाचीच. तीही विठ्ठलच्या कल्याणच्या लोको शेडमधल्या फिटरकीतून कमी, त्याच्या बायकोच्या, रतनबाईच्या चुलीतून जास्त. भाताला तांदूळ घेतले की ती दोन मुठी बाजूला काढायची. एक देवाची, एक कॉलेजची. इतकी वर्षं त्या घरात भात दुसऱ्यांदा कुणी मागितला नव्हता.

नाव विठ्ठल आणि रविवारी चर्चात पहिल्या बाकावर, म्हणून शेडमध्ये त्याची थट्टा चालायची. तो म्हणायचा, "नाव आजीनं ठेवलं, बाप्तिस्मा पाळकसाहेबांनी दिला. मी कुणाला नाही म्हणू?"

हुशार कोण, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पण मुलगी उद्या लग्न होऊन जायची, आणि मुलगा म्हातारपणाचा आधार. विठ्ठलचा जीव टांगणीला लागला. बायबलातल्या प्रेषितांनीही पेच पडल्यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा प्रभूलाच विचारू, असं त्यानं ठरवलं. ठरवताना तो अगदी प्रामाणिक होता.

प्रार्थना लांबली. तिच्या मध्यावर त्यानं टोपीत हात घातला आणि चिठ्ठी उघडली. सुहासिनी.

बाकीच्या तिघांचे डोळे मिटलेले होते. सुहासिनीचे ओठ हलत होते. विठ्ठलनं ती चिठ्ठी मुठीत चुरगळली. "प्रभू, तुझी इच्छा स्पष्ट दाखव," तो मोठ्यानं म्हणाला, आणि टोपीत उरलेली दुसरी उचलली. "आमेन."

"प्रभ्या, तुझं आलंय रे!" चिठ्ठी वाचून सुहासिनीच आधी ओरडली. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, मी रागावले नाही हां. तुम्ही ठरवलं असतं ना, तर भांडलेच असते. देवाशी काय भांडायचं?"

ती घाटावरच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेली. प्रभाकर मुंबईच्या कॉलेजात गेला, इंटरला दोनदा आपटला आणि पार्सल ऑफिसात चिकटला. तो मजेत होता. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? विठ्ठलला मात्र ती चिठ्ठी आतून कुरतडत राहिली. त्या दिवसापासून प्रार्थनेत त्याचे डोळे काही मिटेनात.

चार वर्षांनी, मे महिन्यात, सुहासिनी नर्स होऊन रजेवर आली. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तिला देवाच्या करणीची साक्ष द्यायला उभं केलं.

"मला डॉक्टर व्हायचं होतं," ती म्हणाली. "पण आमच्या बाबांनी प्रार्थना करून चिठ्ठी काढली, आणि प्रभूनं भावाला निवडलं. म्हणजे माझ्यासाठी त्यानं वेगळं काही योजलंय, हे मला कळलं. वॉर्डात घाण उपसताना कितीदा वाटलं, पळून जावं. त्या चिठ्ठीची आठवण काढायची आणि परत कामाला लागायचं. तेवढ्यावरच टिकले मी."

"आमेन," सगळी मंडळी म्हणाली.

विठ्ठल उठून उभा राहिला. रतनबाईनं चमकून वर पाहिलं.

"बोला घोरपडे, तुम्हीही साक्ष द्या," पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले.

सगळं कबूल करायलाच तो उठला होता. एकदा बोलून टाकलं की सुटलो, असं त्याला वाटलं. पण तो सुटला असता, तिचं काय? कॉलेज त्यानं काढून घेतलंच होतं. आता जे उरलं होतं, तेही काढून घ्यायचं? सुहासिनी त्याच्याकडे बघून हसत होती.

"गीत," तो कसाबसा म्हणाला. "गीत एक्याऐंशी."

ते नाताळचं गीत निघालं. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. पण पाळकसाहेबांनी मान हलवली, पेटी वाजू लागली, आणि मेच्या घामात मंडळी बाळ येशूचं गाणं गाऊ लागली.

सुहासिनी बापाशेजारी येऊन उभी राहिली. त्यानं चष्मा आणलेला नव्हता. तिनं पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं आणि त्याला वाचता यावं म्हणून एकेका ओळीखालून बोट फिरवू लागली. विठ्ठलनं तोंड उघडलं, पण सूर लागला नाही. तो नुसता तिच्या बोटाकडे बघत राहिला.