जादा टाकीचा पंप

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे हो, ती मोठी असामी! मी आपला मुठीएवढा, डिझेलचा. एका उंच चाकांच्या, आडवाटेच्या गाडीत माझा मुक्काम होता. मागे नव्वद लिटरची जादा टाकी, गाडीच्या पोटाखाली मुख्य टाकी आणि मधल्या नळीवर मी. बटण दाबलं की मागचं डिझेल ओढायचं आणि पुढे ढकलायचं, एवढाच माझा संसार.

मला बसवलं गॅरेजवाल्या बाबांनी. गाडी चालवायची त्यांची लेक. रस्ता जिथे संपतो तिथून हिचं काम सुरू! विहिरी खणणाऱ्या तुकड्यांना ती सामान पोहोचवायची. दोन-दोन दिवस नुसती वाळू आणि दगड. एवढं मोठं आभाळ, आणि त्याखाली ही एकटी बिनधास्त गुणगुणत चाललेली! मला रोज नवल वाटायचं.

बाबांची शिकवण कडक होती. "आधी कॉक उघडायचा, मग बटण. आणि पंप चालू आहे तोवर त्याच्यावरचा हात काढायचा नाही."

कॉक म्हणजे जादा टाकीच्या तोंडाशी असलेली तोटी. तळहाताखाली मी एकसारखा थरथरलो की डिझेल वाहतंय असं समजायचं. कोरडा खडखडलो की लगेच बंद करायचं, नाहीतर मी जळणार. चार वर्षं तिने हा नेम पाळला. हाताने ऐकणारं माणूस मी तिच्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मागच्या सीटवर तिचा दादा होता. खोदकामावर त्याचा उजवा हात यंत्रात सापडला होता. हात वाचवायचा तर संध्याकाळच्या आत इस्पितळ गाठायला हवं होतं. भर दुपारी मुख्य टाकीचा काटा तळाला टेकला. ती खाली उतरली, बटण दाबलं, तेवढ्यात दादा कळवळून ओरडला. ही धावली त्याच्याकडे.

कॉक बंदच राहिला हो! मी ओढतोय, ओढतोय, काही येईना. अंगाची लाही झाली. ती परत येईपर्यंत माझा कारभार आटोपला होता. मागे साठ लिटर डिझेल, आणि इंजिनाला त्यातला एक थेंब मिळेना.

"दादा, मी घात केला रे! कॉक उघडायलाच विसरले."

"रडायला पुढे आयुष्य पडलंय," तो दात आवळून म्हणाला. "मोकळी नळी आहे ना? गाडी उताराला लाव, मुख्य टाकीचं तोंड खालच्या अंगाला येऊ दे."

उरल्यासुरल्या डिझेलवर तिने गाडी तिरकी उभी केली. नळीचं एक टोक मागच्या टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि जीव खाऊन ओढलं. खोकली, थुंकली. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तोंडभर डिझेल आलं, तशी तिने नळी मुख्य टाकीत खुपसली. दादाने सीटवरून खाली उतरून ती डाव्या हाताने धरून ठेवली. आतून खळखळ ऐकू आली, आणि दोघं बहीणभाऊ वेड्यासारखे हसायला लागले.

ज्या कामाला मला मोटर लागते, तारा लागतात, बॅटरी लागते, ते या पोरीने नुसत्या श्वासावर केलं! मी थक्क होऊन बघत राहिलो. आजही आठवलं की मला माझ्या ऐटीची लाज वाटते.

दिवस मावळायच्या आत ते पोहोचले. हात वाचला, पण बोटं आखडली.

आता माझ्या जागी नवा पंप आहे. बाबा मला भंगारात टाकायला निघाले, तर दादाने अडवलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटांचं बारीक काम सांगितलंय, म्हणून रोज सकाळी तो माझे चार स्क्रू काढतो आणि पुन्हा बसवतो. पहिले दोन महिने स्क्रू घरंगळायचे, तो चडफडायचा आणि बहीण गुमान उचलून द्यायची. आज चारही त्याने एकट्याने बसवले. बहीण डोळे पुसत बघत होती.

बाबा म्हणतात, "मोटर बदलली तर हा अजून चालेल."

पाया पडतो बाबा, एवढ्यात नको. त्याची करंगळी अजून वळत नाही.