दाजींना सूट

नव्या कोऱ्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसीतून सूट असते. बॅटरीवरच्या गाडीला तर कायमचीच. सोमेश्वरनगरला इंद्रजितच्या पीयूसी केंद्रात मात्र आणखी एक सूट होती, जी कुठल्याही नियमात नव्हती. ती त्याच्या दाजींना होती.

दाजी म्हणजे दादासाहेब, थोरल्या बहिणीचे, कौसल्याचे यजमान. राहायला निरवांगीला. गाडी पेट्रोलची, जुनी. सायलेन्सर गंजलेला आणि मागच्या सीटखालचा पत्रा सडून भोकं पडलेली. दर सहा महिन्यांनी ते मोबाईलवर नंबरप्लेटचा फोटो धाडत. इंद्रजित तपासणीची नळी स्वतःच्या नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये खुपसायचा, कॅमेऱ्यापुढं दाजींचा फोटो धरायचा, की झालं सर्टिफिकेट तयार. बहिणीच्या नवऱ्याला रांगेत उभं करायचं आणि वर त्याची गाडी नापास करायची? छे. असला मानपान सांभाळण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

कौसल्याला गाडी लागते, हे घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गाडीत बसली की तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. सासूबाई हातात लिंबू द्यायच्या, दादासाहेब तिची चेष्टा करायचे. एसटीत तिला काहीच होत नसे, पण त्याचा विचार कोणी केला नाही.

भाऊबीजेला ओवाळताना ती हळूच म्हणाली, "औंदा साडी नको मला. एकदा आमच्या गाडीला नळी लावून बघ. मागं बसलं की जीव गुदमरतोय."

"दाजींना कसं म्हणू, ताई? त्यांना वाटंल, मेव्हण्याचा इस्वास न्हाय."

"मग मी सांगू?"

"नगं. बघतो मी."

त्यानं साडीच दिली.

उसाचा हंगाम सुरू झाला. दादासाहेब कौसल्याला आणि लेकीला, सृष्टीला, घेऊन बारामतीला निघाले. सृष्टी कॉलेजपाशी उतरली. पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी झालेली, दोन्हीकडं गाड्यांची रांग. धुळीमुळं काचा वर होत्या. कौसल्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. दादासाहेब मोळ्या उचलायला खाली उतरले. तिला गार वाटावं म्हणून इंजिन आणि एसी चालूच ठेवला. माया होती त्यांची, नव्हती असं कोण म्हणेल? रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी परत येऊन तिला हाक मारली. ती उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गाडीतला धूर आत कोंडला असावा. नक्की काय ते पोस्टमॉर्टेमनंतर कळेल." इंद्रजित आणि सृष्टी धावत आले, लोणी भापकरहून कौसल्याची आई, बनाबाई आली. बनाबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. गाल लालसर होते, आणि ते बघून त्या माउलीला लेक झोपल्यासारखीच वाटत राहिली.

संध्याकाळी दादासाहेब सृष्टीला म्हणाले, "चल, घरी आजीला सांगाय पायजे." पोरीनं गाडीचं मागचं दार उघडलं.

इंद्रजित आडवा आला. "दाजी, चावी द्या. ह्या गाडीत पोरीला बसवायचं न्हाय."

दादासाहेब जमिनीकडं बघत म्हणाले, "गाडी पास हाय."

डॉक्टरांचं बोलणं बनाबाईंना पटलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "व्हय की. तुझ्याच हातानं तपासलेली गाडी. सख्ख्या भावानं बघितलेल्या गाडीत धूर कुठनं येतोय?"

सृष्टी दार धरून उभी होती. दाजींनी इंद्रजितकडं बघून मान हलवली, बोलू नको म्हणून. आजवर त्यानं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता.

"आई, म्या ती गाडी कधी तपासलीच न्हाय."

बनाबाईंनी विचारलं, "आन् कौसल्या? ती कधी काय बोलली न्हाय तुला?"

"बोलली हुती," इंद्रजित म्हणाला. "भाऊबीजेला."