साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी ब्रेल पाटी आहे. खडूने लिहायची पाटी नव्हे, बरं का. माझ्या दोन पत्र्यांमध्ये जाड कागद धरायचा आणि वरच्या चौकोनांतून टोचणीने ठिपके पाडायचे. कागद उलटला की बोटांनी वाचायचं.

शाळेत एका अंध मुलीच्या हाती मी पडले. तिचा हात इतका भरभर चाले की मैत्रिणी तिला टिकटिक म्हणत. बाईंनी तिच्या निबंधाचं कौतुक केलं की मीही फुशारून जाई. पुढे तिचं लग्न झालं, घरात बोलणारा फोन आला आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

एका दुपारी तिने मला चाचपून बाहेर काढलं. तिचं मनगट सुजलं होतं. डोळस नवरा तिची पांढरी काठी लपवी, खुर्च्या मुद्दाम वाटेत सरकवी आणि ती पडली की हसे. मारही रोजचाच. फोनमध्ये काही लिहावं, तर फोन ते मोठ्याने वाचणार आणि तो ऐकणार. स्वयंपाकघरातल्या डब्यांना मात्र ती नावाच्या चिठ्ठ्या लावायचीच. आता त्या चिठ्ठ्यांवर ती नावाऐवजी वार आणि त्या दिवशीचा मार लिहू लागली. डब्यात काय आहे ते तिला हलवूनही कळे. नवऱ्याच्या लेखी सगळे ठिपके सारखेच.

पण हे वाचणार कोण, या काळजीने मी झुरत होते.

शेवटी तिची शाळेतली मैत्रीण आली. तीही अंध, घरात मार सोसणाऱ्या बायकांना आधार देणाऱ्या केंद्रात काम करणारी. टिकटिक कित्येक महिने फोन उचलत नव्हती, म्हणून ती काठी टेकत थेट दारात उभी राहिली. स्वयंपाकघरात चहा झाला, तरी नवरा दोघींसमोरून हलेना.

"चहात साखर कमी वाटली तर घे गं," टिकटिक म्हणाली. "डबा तुझ्या उजव्या हाताला आहे."

मैत्रिणीची बोटं चिठ्ठीवर थांबली. 'सोमवार. त्याने दारात बोटं चेंगरली.'

"असे अजून डबे आहेत?"

"खालच्या फळीवर अकरा."

नवरा हसला. "हिला डब्यांचा भारी सोस."

निघताना मैत्रिणीने तिचा हात घट्ट धरला. "उद्या परत येऊ?"

"ये."

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर पोलीसबाई आल्या. "तुम्हाला दिसत नाही, मग मारणारा कोण हे कसं सांगणार?" त्यांनी विचारलं.

"बारा वर्षं याची पावलं ऐकून भिंतीला चिकटतेय मी. आणखी कसं सांगू?"

पोलीसबाईंनी वही उघडली. मग मैत्रीण एकेक डबा वाचत गेली आणि त्या लिहून घेत गेल्या.

मित्रांनो, कुणाची काठी गमतीनेही लपवू नका. अंध माणूस काही सांगू लागला, तर त्याला दिसलं का, हे विचारण्याआधी त्याचं ऐकून घ्या.

आता मी आणि टिकटिक एका छोट्या खोलीत राहतो. काठी दाराशीच असते. परवा टिकटिकने नवा डबा भरला आणि मला पुढ्यात घेतलं. टोचणी हातात धरली. मग तिने एकच शब्द लिहिला, साखर. आणि डब्यात खरोखर साखरच होती.